वाट कोणाची, वर्णन कोणाचे?

डोंगरवाटांचे वर्णन आपण ज्या सैल मनाने वाचतो, त्या सैल मनाने दुसरे कोणतेही लेखन वाचत नाही. कथेतल्या पात्राने घर सोडले तर ते का सोडले हे आपण लेखकाला विचारतो. कवितेत एखादी प्रतिमा आली तर ती तिथे का आली याची झडती घेतो. पण प्रवासलेखकाने ‘हिरव्यागार दरीतून वळणे घेत जाणारी पायवाट’ असे लिहिले की आपण मान डोलावून पुढचे पान उलटतो. ती वाट पहिल्याने कोणी पाडली, कशापायी पाडली, तिच्यावरून कोण काय घेऊन चालले, हे प्रश्न टीकेच्या कक्षेत येतात असे कोणाला वाटत नाही. ते इतिहासाचे, भूगोलाचे, फार तर समाजशास्त्राचे, अशी आपण आपली समजूत करून घेतली आहे. मला ही समजूत मान्य नाही. हे प्रश्न वाङ्मयाचेही आहेत, आणि ते टाळले की वर्णन वाङ्मय म्हणूनच उणे पडते, असे माझे म्हणणे आहे. हे म्हणणे एका बेटाच्या आधाराने मांडतो. कारण वाट आणि वर्णन यांची फारकत तिथे जितकी उघड दिसते, तितकी मी अन्यत्र पाहिलेली नाही.

ते बेट म्हणजे रेयुनियन. जुने नाव बूर्बों. हिंदी महासागरातले, मॉरिशसचे शेजारी, अडीच हजार चौरस किलोमीटरांचे, आणि १९४६ पासून कायद्याने फ्रान्सचा एक प्रांत. सगळे बेट ज्वालामुखीने घडवले आहे. मराठी वाचकाला ते अगदीच परके वाटू नये. ज्या उष्ण झोताने सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा कातळ ओतला, तोच झोत आज या बेटाखाली धगधगतो आहे, असे भूवैज्ञानिक मानतात; आपला भूखंड उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस अशी बेटांची माळ सुटत आली. म्हणजे सह्याद्रीचा कातळ आणि तिथला कातळ एकाच चुलीवरचा. बेटाच्या मध्याशी पितों द नेज हा ३,०७० मीटर उंचीचा निवालेला पर्वत आहे, आणि त्याच्या अंगाला सालाझी, सिलाओस व माफात अशा तीन अजस्र दऱ्या आहेत. ही ज्वालामुखीची मुखे नव्हेत. कडे ढासळून आणि पावसाने कोरून त्या झाल्या आहेत. तिथला पाऊसही तसाच: जानेवारी १९६६ च्या एका वादळात फॉक-फॉक या ठिकाणी चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस पडला, आणि हा जगातला विक्रम मानला जातो. अशा मुलखात वाट ही कायमची वस्तू नसते. दोन पावसाळे कोणी चालले नाही, दरड कोणी हटवली नाही, तर ती नाहीशी होते. वाट आहे याचा अर्थ तिथे कोणीतरी सतत चालत आले आहे. आणि हे ‘कोणीतरी’ ओळखणे हे वर्णन करणाऱ्याचे पहिले काम आहे.

रेयुनियनमध्ये हे ‘कोणीतरी’ कोण, याविषयी इतिहासाला संशय नाही. बेट मुळात निर्मनुष्य होते. १६६३ साली दोन फ्रेंच आणि मादागास्करचे दहा जण, सात पुरुष व तीन स्त्रिया, असे तिथे कायम वस्तीसाठी उतरले. थोड्याच दिवसांत त्या दहा जणांचे फ्रेंचांशी बिनसले आणि ते डोंगरात पळून गेले. बेटाच्या अंतर्भागात शिरलेली ही पहिली माणसे. पुढे कॉफीचे मळे आले, मळ्यांसाठी मादागास्कर व आफ्रिकेतून, काही हिंदुस्थानातूनही, गुलाम आले. आणि त्यांतले अनेक त्याच दिशेने, वर, पळत राहिले. अशा पळालेल्यांना ‘मारों’ म्हणत. १७२३ च्या राजाज्ञेने त्यांच्या शिक्षा ठरवून दिल्या: एक महिना फरारी राहिला तर कान कापून एका खांद्यावर लिलीच्या फुलाची डागणी, दुसऱ्यांदा पळाला तर गुडघ्यामागची नस तोडून दुसऱ्या खांद्यावर डागणी, तिसऱ्यांदा मृत्यू. यातली मधली शिक्षा मला नेहमी थांबवते. कायदा करणाऱ्याला नेमके ठाऊक होते की या माणसाचे बंड त्याच्या हातात नाही, जिभेतही नाही. ते त्याच्या पायांत आहे. चालणे हाच जिथे गुन्हा, तिथल्या वाटेकडे ‘रम्य’ म्हणून पाहता येईल का, हा भाबडा प्रश्न मी विचारत नाही. वाट रम्य आहेच. प्रश्न असा, की त्या रम्यतेच्या वर्णनात हे पाय कुठे आहेत?

ते वर्णनात नसले तरी नावांत आहेत. बेटाच्या किनाऱ्याने फिरावे तर सगळी गावे संतांच्या नावांची: सें-दनी, सें-पोल, सें-पियेर, सें-फिलीप. चढणीला लागावे की नावांची जातकुळी बदलते. ‘सिलाओस’ म्हणजे मादागास्करच्या भाषेत, ‘जिथून निघून जायचे नाही ती जागा’, असा अर्थ सांगतात. ‘माफात’ हा एका मारों नायकाच्या नावाचा ठसा, अर्थ, ‘मारणारा’. ‘सिमांदेफ’ हे शिखर म्हणजे ‘जो गुलाम नाही तो’. सालाझीच्या मधोमध एकटा उभा असलेला सुळका ‘आंशें’ याच्या नावाचा. हा आपल्या हेवा नावाच्या बायकोसह तिथे लपून संसार करून होता, अशी कथा आहे. आणखी पूर्वेला, जागत्या ज्वालामुखीवर जावे, तर नावे पुन्हा पालटतात. तिथे १८०१ मध्ये बोरी द सें-व्हेंसां हा तरुण निसर्गशास्त्रज्ञ चढून गेला. त्याने एका मुखाला दोलोम्ये या भूवैज्ञानिकाचे नाव दिले, आणि दुसऱ्या मुखाला त्याचे स्वतःचे नाव चिकटले. किनारा संतांचा, ज्वालामुखी पंडितांचा, आणि मधला सगळा दुर्गम डोंगर पळालेल्यांचा. ज्याला लिहिता येत नव्हते किंवा लिहू दिले गेले नव्हते, त्याने या बेटाचा सर्वांत अवघड भाग नावांनी लिहून ठेवला. ‘जो गुलाम नाही तो’ हे शिखराला दिलेले नाव मी एका शब्दाची कविता समजतो. तिच्यात उपमा नाही, विशेषण नाही. फक्त एक नकार आहे, आणि तो दोन हजार मीटरांच्या वर उभा आहे.

आता ज्यांना लिहिता येत होते त्यांच्याकडे वळू. या बेटाच्या डोंगराला युरोपीय वाङ्मयात कायमची जागा मिळाली ती जॉर्ज सँड यांच्या ‘इंडियाना’ या १८३२ च्या कादंबरीने. सँड या बेटावर कधीच गेल्या नव्हत्या. झ्यूल नेरो या त्यांच्या वनस्पतिप्रेमी मित्राने ही बेटे पाहिली होती. त्याच्या टिपणांवर आणि गप्पांवर त्यांनी आपला डोंगर उभा केला. यात मला काहीही गैर दिसत नाही. न पाहिलेला प्रदेश जिवंत करणे हा कलावंताचा हक्कच आहे. शिवाय ‘इंडियाना’ ही सामान्य कादंबरी नव्हे. बूर्बोंमध्ये वाढलेली एक तरुणी, तिचा वयस्क, हुकमी नवरा, तिला भुलवणारा प्रियकर, आणि अबोलपणे तिच्यावर जीव लावून बसलेला राल्फ. यांच्या कथेतून लेखिका विवाहितेच्या स्थितीला गुलामगिरी म्हणण्यापर्यंत जाते. १८३२ साली हे धैर्याचे होते.

आणि म्हणूनच कादंबरीचा शेवट अधिक खटकतो. सगळ्या आशा संपल्यावर राल्फ आणि इंडियाना बेर्निकाच्या घळीतल्या धबधब्यावर जीव देण्यासाठी बेटावर परत येतात. त्यानंतरच्या उपसंहारात एक तरुण प्रवासी सें-पोलहून रानात भटकायला निघतो. एका खडकावर त्याला लिपीसारख्या नैसर्गिक खुणा दिसतात आणि त्यांचा अर्थ लावण्यात तो बराच वेळ रमतो. मग वादळ येते, आणि आसरा शोधताना त्याला त्या दोघांची झोपडी सापडते. ती दोघे जिवंत आहेत, समाजापासून दूर सुखाने राहत आहेत, आणि आपल्या मिळकतीतला मोठा भाग म्हाताऱ्या, पंगू गुलामांना विकत घेऊन मुक्त करण्यात खर्च करत आहेत. वादळाचे वर्णन समर्थ आहे. त्या एकांतातली शांतीही मनाला लागते. परंतु हा एकांत कोणत्या डोंगरातला? ज्या डोंगरात दीडशे वर्षे माणसे पायांच्या बळावर स्वातंत्र्य हिसकावून घेत होती, त्याच डोंगरात कादंबरीच्या अखेरच्या पानांवर स्वातंत्र्य ही धन्याच्या पैशाने, आणि तीही अंगातले बळ संपल्यावर, मिळणारी वस्तू होते. तो तरुण दगडावरच्या निरर्थक रेघांत अर्थ शोधतो. पायाखालच्या वाटेला अर्थ असू शकतो हे त्याच्या मनातही येत नाही. हा दोष मी नीतीच्या खात्यावर टाकत नाही, रचनेच्या टाकतो. पत्नीच्या दास्याची कथा सांगणाऱ्या लेखिकेच्या हाती पळण्याचे सर्वांत मोठे प्रतीक आयते आले होते. ते तिने नुसते नेपथ्य म्हणून वापरले, आणि म्हणून त्या नायिकेचा मोक्ष आपल्याला सुंदर वाटतो, पण खरा वाटत नाही.

सँड यांना बेट ठाऊक नव्हते असे म्हणून कोणी सुटका करून घेईल, तर लकोंत द लील यांचे उदाहरण आड येते. हा कवी १८१८ मध्ये सें-पोललाच जन्मला. बाप मळेवाला, तरी १८४८ मध्ये गुलामगिरी रद्द व्हावी म्हणून मागणी करणाऱ्यांत तो होता, आणि त्यापायी घरून मिळणारे पैसे त्याने गमावले. असा माणूस, पण त्याच बेर्निकावर त्याने कविता लिहिली तेव्हा तिच्यात उंच कड्यांमधला, माणसाचा वारा न लागलेला एकांत आहे. कविता रेखीव आहे, थंड आहे, आणि तिच्यात वाट नाही. मारोंवर त्याने लिहिले ते वेगळे, ‘साकातोव्ह’ या १८४६ च्या कथेत. तिथे पळालेला गुलाम नायक आहे खरा, पण मालकाच्या मुलीवर जीव जडलेला आणि शेवटी गोळी खाऊन मरणारा, रोमँटिक ठशाचा नायक. म्हणजे एका खोलीत डोंगर आणि दुसऱ्या खोलीत माणूस, अशी वाटणी या कवीने करून टाकली. दोहोंमधले दार, म्हणजे वाट, त्याने बंदच ठेवले.

ते दार किलकिले केले एजेन दायो याने. तोही सें-पोलचाच, १८१० मध्ये जन्मला आणि महारोगाने १८५२ मध्ये गेला. ‘बूर्बों पितोरेस्क’ ही त्याची कादंबरी अपुरी राहिली. अठराव्या शतकातले मारों आणि त्यांच्या मागावर निघालेले शिकारी हा तिचा विषय. रचना ढिली आहे, भाषणे लांबलचक आहेत, आणि नजर अखेर गोऱ्या वसाहतवाल्याचीच आहे. पण तिच्यात चढण चढणासारखी लागते. पाठलाग म्हटला की दोन पावलांमधले अंतर जीवन-मरणाचे होते. मग कडा कुठे उतरतो, पाणी कुठे आहे, धूर कुठून दिसेल, हे सांगावेच लागते. दायोची शैली सँडच्या पासंगालाही पुरत नाही. तरी डोंगर त्याच्या पानात अधिक आहे. कारण त्याच्या वाटेला चालणारा आहे.

आणि इथे एक भयंकर गोष्ट सांगितली पाहिजे. या अंतर्भागातल्या वाटांविषयी लिहिलेले जे सर्वांत जुने गद्य उरले आहे, त्यातले पुष्कळसे शिकाऱ्यांचे आहे. फ्रांस्वा म्युसार याच्यासारखे तुकडीप्रमुख परत आल्यावर सरकारी दप्तरात जबानी नोंदवत: कुठून चढलो, कोणत्या कड्याखाली झोपड्या दिसल्या, किती मारले, किती धरले. मारलेल्या माणसाचा कापलेला हात पुरावा म्हणून हजर करावा लागे. गद्य म्हणून पाहिले तर या जबान्या नेमक्या आहेत, नेटक्या आहेत, त्यांत एक शब्द जास्त नाही. आपण टीकाकार शब्दांच्या काटकसरीचे फार कौतुक करतो. त्या कौतुकाला या जबान्यांनी थोडा चाप बसावा. नेमकेपणा हा गुण आहे, पण तो कोणाच्या बाजूने नेमका आहे हे विचारल्याशिवाय त्याला वाङ्मयीन मूल्य देता येत नाही.

आजच्या मार्गपुस्तिका वाचताना मला या गोष्टीचा विसर पडत नाही. आता या डोंगरात तीन मोठ्या आखीव वाटा आहेत: एक पितों द नेजला वेढा घालते, दुसरी उत्तरेच्या सें-दनीपासून आग्नेयेच्या सें-फिलीपपर्यंत सारे बेट ओलांडते, तिसरी माफातमधून फिरते. पांढरे-तांबडे पट्टे दगडांवर, झाडांवर रंगवलेले असतात. पुस्तिकेत चढ किती, उतार किती, वेळ किती, पाणी कुठे, इतकेच असते. या गद्याबद्दल मला आदर आहे, कारण ते चालणाऱ्याच्या बाजूने नेमके आहे. सिलाओसहून तायबीच्या खिंडीकडे चढताना ‘इंडियाना’ने मला काही मदत केली नाही, पुस्तिकेने केली. खिंडीच्या एका अंगाला सिलाओसची दरी आणि दुसऱ्या अंगाला माफात; खाली मार्ला ही वाडी, आपल्याकडच्या एखाद्या माचीवरच्या धनगरवाड्यासारखी पसरलेली. माफातमध्ये आजही मोटारीचा रस्ता नाही. तिथे काही शेकडा माणसे अशा वाड्यांतून राहतात. सामान हेलिकॉप्टरने येते किंवा पाठीवरून. १९५१ ते १९९१ अशी चाळीस वर्षे एकच टपालवाला या दरीतून पायी पत्रे पोचवत होता. मात्र पुस्तिका ‘सिमांदेफ’ हे नाव छापते, उंची छापते, आणि पुढे जाते. तिला तेवढेच काम आहे. उरलेले काम वाङ्मयाचे होते, आणि वाङ्मयाने ते दीर्घकाळ केले नाही, एवढाच माझा मुद्दा.

यावर आक्षेप ठरलेला आहे. ‘तुम्ही कलेकडे इतिहासाची पावती मागता. निसर्गाकडे निखळ सौंदर्यदृष्टीने पाहण्याचा हक्क कलावंताला नाही काय? आणि प्रत्येक वाटेमागे कोणाचे तरी दुःख असतेच; मग वर्णन करायचेच नाही?’ आक्षेपाचा पहिला भाग मी मान्य करतो. निखळ दृष्टी शक्य आहे. पण ती दगडाकडे, ढगाकडे, पाखराकडे पाहताना. वाट ही निखळ निसर्गवस्तू नाही. ती माणसाची कृती आहे, घराइतकी, गाण्याइतकी. तिच्यातून माणूस वगळून तिला निसर्गात जमा करणे हा सौंदर्यदृष्टीचा शुद्धपणा नव्हे. ते वस्तूचे स्वरूपच चुकीचे ओळखणे आहे. आणि जिथे वस्तूच चुकीची ओळखली तिथे वर्णन कितीही लालित्यपूर्ण झाले तरी ते पोकळ राहते. दुसऱ्या भागाचे उत्तर युक्तिवादाने देण्यापेक्षा एका कवीच्या उदाहरणाने देणे बरे.

बोरिस गामालेया हा रेयुनियनचा कवी. १९६० च्या एका सरकारी हुकुमाने, राजकीय मतांपायी ज्या नोकरदारांना बेटावरून फ्रान्समध्ये हलवण्यात आले, त्यांत हा शिक्षकही होता. १९७२ पर्यंत त्याला आपल्या डोंगरावर पाऊल ठेवता आले नाही. त्या काळात साकारलेले त्याचे दीर्घ काव्य ‘व्हाली पूर युन रेन मोर्त’ १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. व्हाली हे मादागास्करचे बांबूचे तंतुवाद्य. म्हणजे मृत राणीसाठी छेडलेली व्हाली. त्यात सिमांदेफ हे शिखर नाही, माणूस आहे. राहारियान ही त्याची राणी आहे. नकाशावरची नावे पुन्हा हाडामांसाची होतात. काव्य सोपे नाही. कधी मिथक इतके दाट होते की उपाशीपोटी कडा उतरणारा साधा फरारी त्याच्यामागे झाकला जातो, आणि राजा-राणीच्या भाषेत पळण्याची धूळ जरा कमीच लागते. हे उणे सांगूनही म्हणतो की या बेटाच्या डोंगराचे पहिले खरे वर्णन हे आहे. आणि ते करणारा त्या वेळी तिथे चालत नव्हता. तेव्हा ‘जो चालला तोच लिहू शकतो’ असा नियम मला काढायचा नाही. तसा तो असता तर म्युसार हा थोर लेखक ठरला असता. सँड गेल्या नव्हत्या, गामालेया जाऊ शकत नव्हता. फरक पायांचा नाही, कानांचा आहे. एकाने नावे ऐकली, दुसरीपर्यंत ती पोचूनही ऐकू आली नाहीत.

हा प्रश्न जुन्या पुस्तकांपुरता नाही. २०१० मध्ये युनेस्कोने या बेटाची शिखरे, दऱ्या आणि कडे जागतिक वारशात घेतले; बेटाचा सुमारे चाळीस टक्के भाग त्यात येतो. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये हजारो धावपटू बेट आडवे ओलांडतात; त्या शर्यतीला ‘वेड्यांचा कर्ण’ म्हणतात. ज्या चढावर एकेकाळी जीव घेऊन पळत, तिथे आता हौसेने धावतात. याचा मला राग नाही. वाट जिवंत राहायची तर कोणीतरी चालायलाच हवे. पण मळ्यातून पळालेल्याने मागे वस्तू फारशा ठेवल्या नाहीत. सिलाओसच्या वर, सुमारे २,२०० मीटरांवर, ‘गुप्त दरी’ म्हटल्या जाणाऱ्या जागी गेल्या दशकात उत्खनन झाले, तेव्हा दगड रचून केलेले दोन लहान आडोसे आणि खाल्लेल्या समुद्रपाखरांची हाडे मिळाली. इतकाच ऐवज. बाकी सगळे नावांत आहे आणि वाटेत आहे. नाव नुसते पाटीवर उरले आणि वाट नुसती ‘एकांत’ झाली, तर त्या माणसांना दुसऱ्यांदा, आणि या वेळी कायमचे, पुसून टाकल्यासारखे होईल. आणि ते काम शिकाऱ्याने नव्हे, गोड वर्णनाने केलेले असेल.

मराठीत प्रवासवर्णने उदंड आहेत आणि डोंगरभटकंतीवरचे लेखन तर दरवर्षी वाढते आहे. त्यात हिरवाई आहे, धुके आहे, चहाचा वाफाळता पेलाही आहे. मी त्यांतले काही काढून टाका म्हणत नाही. एवढेच म्हणतो, की वाट हा शब्द लिहिताना तिच्यावर पहिला पाय कोणाचा पडला हे लेखकाने स्वतःशी तरी विचारावे. उत्तर पानावर आले नाही तरी चालेल. प्रश्न विचारलेला असला की वाक्याची चाल बदलते. आणि ती बदलली आहे की नाही, हे वाचकाला पहिल्या वळणावरच कळते.